गिदोनरावांची भुतं

"आपल्याकडे कुणाच्या अंगात वगैरे येतं का?"

गिदोनराव वाघमारे माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी एका हातात गॅसची शेगडी आणि दुसऱ्या हातात बायकोच्या तुळशीची कुंडी घेऊन जिन्यात उभा होतो. बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत आम्ही त्याच दिवशी राहायला येत होतो. पुण्यात नव्या बिऱ्हाडाला काय काय विचारतात याची मी अकोल्याहूनच तयारी करून आलो होतो. आडनाव काय, मांसमच्छी चालते का, स्कूटर कुठं लावणार, पाहुणे फार येतात का. हा प्रश्न त्या तयारीत बसत नव्हता.

"नाही," मी कसाबसा म्हणालो.

"नक्की? आई, मावशी, कुणी?"

"नाही हो."

"बरं." त्यांचा चेहरा जरा पडला. "येत असेल तर संकोच करू नका, एवढंच सांगायचं होतं. मला त्या विषयात रस आहे." आणि माझ्या हातातली कुंडी घेऊन ते पुढं चालू लागले. मी शेगडी घेऊन त्यांच्यामागे जिना चढत होतो आणि मनात म्हणत होतो, डिपॉझिट परत मिळेल का?

पुढं कळलं की ते आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. उंच, सडपातळ, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, खिशाला स्टीलची छोटी पट्टी. त्यांची उभी हयात हडपसरच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून गेली होती. यंत्रावरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, माप लावायचं, आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणून बाजूला ठेवायचा. मग देशाचे दरवाजे उघडले, कंपनीला परदेशी भागीदार मिळाला, आणि स्वतःचं माप स्वतःच घेणारी यंत्रं आली. आमच्या खराडीच्या आयटी कंपन्यांच्या इमारतींना ज्या वर्षांत काचा चढत होत्या, त्याच वर्षांत तिकडं माणसं उतरवली जात होती. गिदोनरावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते म्हणत.

निवृत्त माणसं कुंड्या लावतात, वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात, सोसायटीच्या पाण्यावरून भांडतात. गिदोनरावांनी बायबलमधली भुतं तपासायला घेतली.

ते नगर जिल्ह्यातले, आजोबांपासूनचे ख्रिस्ती. दर रविवारी कोट घालून उपासनेला जाणार म्हणजे जाणार. प्रभूवर त्यांचा विश्वास होता आणि त्यात कुठं फट नव्हती. फक्त त्यांचं म्हणणं असं, की शास्त्रात ज्याला ज्याला भूत लागलं म्हटलंय त्या प्रत्येकाची वेगळी तपासणी व्हायला हवी. "सगळा माल एकाच शिक्क्यानं बाहेर पाठवलाय," ते म्हणत. "आमच्या खात्यात हे चाललं नसतं."

हे सगळं मला ऐकावं लागे, कारण माझी कंपनीची बस ज्या कोपऱ्यावर थांबायची तिथंच ते सकाळी दूध घ्यायला येत. बसला उशीर झाला की एक भूत निकालात निघे.

"वानखडे, तो मुलगा बघा."

मी रस्त्याकडं बघितलं. "कुठला?"

"शुभवर्तमानातला. कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. तोंडाला फेस, अंग ताठ, दातखीळ. बापानं लक्षणं किती नीट सांगितलीत. हे काय आहे?"

"भूत?"

"फिट. रिजेक्ट."

"पण तुम्हीच परवा म्हणालात, येशूनं त्या भुताला दटावलं म्हणून."

"मग बापाशी कुठल्या भाषेत बोलायचं? बाप म्हणतोय भूत. पोरगं बरं करायचंय, बापाची परीक्षा घ्यायची नाहीये."

मी हबकलो. माझ्या आजवरच्या समजुतीप्रमाणे श्रद्धाळू माणूस आपल्याच ग्रंथातली भुतं अशी भर चौकात, हातात दुधाची पिशवी घेऊन रद्द करत नाही. आणि वर "येतो, सलाम," म्हणून शांतपणे घरी चहा प्यायला जात नाही.

शास्त्रात कंबरेतून वाकलेली एक बाई होती. तिलाही म्हणे आत्म्यानं बांधून ठेवलं होतं. "मणका," गिदोनराव म्हणाले. शौल राजा पोरसवदा दाविदाला भाला फेकून मारायला उठायचा, त्याच्यात दुष्ट आत्मा यायचा. "हाताखाली आपल्यापेक्षा हुशार मुलगा आला की साहेब लोकांचं असं होतं. आत्म्यावर कशाला ढकलायचं? आमच्याकडे दर मजल्यावर एक शौल होता. आपल्या आयटीत नाहीत?" मला माझा प्रोजेक्ट मॅनेजर आठवला. मग मग्दालियाची मरीया. तिच्यातून सात भुतं निघाली होती. "बाई होती म्हणून सात," ते म्हणाले. "तीच लक्षणं पुरुषाला असती तर एकात भागवलं असतं."

ते वाक्य माझ्या बायकोला, मनीषाला, इतकं आवडलं की संध्याकाळी ती वर जाऊन त्यांना थालीपीठ देऊन आली.

भुतांच्या बाबतीत त्यांनी धर्मभेद कधी केला नाही. तळमजल्यावरच्या शिंदेकाकूंच्या अंगात दर नवरात्रात देवी यायची. पहिल्या वर्षी मी बघितलं, तर बायका ओटी घेऊन दाटीवाटीनं उभ्या, काकू केस सोडून घुमताहेत, आणि समोर गिदोनराव स्वतःच्या घरची खुर्ची आणून बसलेले. आता इथं दंगल होणार, असंच मला वाटलं. जरा वेळानं ते अत्यंत अदबीनं पुढं वाकले आणि म्हणाले, "आई, शिंदेकाकांबद्दल आपली काही तक्रार आहे का?"

देवी थांबली. मग बोलायला लागली. शिंदेकाका सकाळी उठत नाहीत, पाणी भरत नाहीत, सासूच्या आजारपणात बोट लावलं नाही, लग्नात घातलेल्या पाटल्या नणंदेच्या लग्नात गेल्या त्या गेल्याच. देवी पुष्कळ वेळ बोलली. शिंदेकाका भिंतीला टेकून उभे होते ते हळूहळू खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या नळावर बादल्या घेऊन काका दिसू लागले. पुढच्या नवरात्रात देवी आली, पण थोडक्यात आटोपलं.

"तुम्ही देवीला रिजेक्ट केलंत?" मी विचारलं.

"छे. तिथं तपासायला काही नव्हतं. बाईला बोलायला वर्षातून एकच दिवस मिळत होता, मी विषय काढून दिला."

एकदा मी त्यांच्याबरोबर एका मंगल कार्यालयातल्या प्रार्थनासभेला गेलो. बाहेरून आलेले एक उपदेशक तिथं भुतं काढत होते. माइकचा आवाज इतका, की असलेली भुतं बहिरी होऊन जावीत. एक तरुण बाई व्यासपीठापुढं आडवी पडली होती आणि उपदेशक तिच्यावर ओरडत होते, "नीघ! नीघ!" अख्खं सभागृह टाळ्या वाजवत होतं. गिदोनराव उठून उभे राहिले. मी त्यांच्या कोटाचं टोक धरलं, पण ते सुटलं.

"साहेब," ते चढ्या आवाजात म्हणाले, "हिनं आज काही खाल्लंय का?"

टाळ्या थांबल्या. बाईची आई मागून हळूच म्हणाली, "तीन दिवसांचा उपास चाललाय तिचा. याच्यासाठीच धरलाय."

गिदोनरावांनी कोटाच्या खिशातून ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा काढला. (तो त्यांच्याजवळ नेहमी असायचा.) ते पुढं गेले, बाईला बसवलं, पाणी मागितलं, आणि एकेक बिस्किट बुडवून तिला भरवलं. तीनचार बिस्किटांनंतर ती पदर सावरून "आई कुठाय?" म्हणाली.

उपदेशकांचा चेहरा लाल झाला होता. "भाऊ, तुमच्यामध्ये अविश्वासाचा आत्मा आहे," ते म्हणाले.

"असेल," गिदोनराव म्हणाले. "पण तो जेवलेला आहे."

आम्हाला बाहेर काढण्यात आलं. परतताना रिक्षात ते बिस्किटांचा उरलेला पुडा माझ्यापुढं धरून म्हणत होते, "घ्या. आपलाही चेहरा उतरलाय."

असं सगळं मजेत चाललं होतं. मग मनीषा बाळंत झाली.

मनीषाला आई नव्हती, म्हणून माझी आई अकोल्याहून आली. मुलगी झाली, गोरीपान, भरपूर जावळाची. बारसं झालं. आणि त्यानंतर मनीषाची झोप गेली. सुरुवातीला आम्हाला वाटलं, लेकराच्या रडण्यानं होतंय. मग लक्षात आलं, मुलगी झोपली तरी ही जागीच असते. घर झाडत राहायची. एकटीच हसायची. एके दिवशी पाळण्याकडं बघत शांतपणे म्हणाली, "ही माझी नाही. माझी त्यांनी बदललीय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी आईकडं.

"बाहेरचं हाय हे," आई स्वयंपाकघरात मला म्हणाली. "ओले केस सोडून गच्चीवर जाय ते. मी किती सांगतलं तिले."

मी म्हणालो की डॉक्टरला दाखवू. आई म्हणाली, "डॉक्टर काय सांगन? थकवा आला म्हनन." तिनं कुणाकुणाला फोन केले, आणि कात्रजकडच्या एका महाराजांचा पत्ता मिळाला. ते दुसऱ्या दिवशी दुपारी येणार असं ठरलं. दाराला काळी बाहुली आणि लिंबू लागलं. मी ऑफिसला सुट्टी टाकली होती. घरात माझी बायको भिंतीशी बोलत होती, मुलगी बाटलीच्या दुधाला तोंड लावत नव्हती, आणि मला काय करावं हे सुचत नव्हतं. दिवसभर संगणकातल्या चुका शोधण्याचा पगार घेणारा मी, त्या बाहुलीखालून वाकून ये-जा करत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. महाराज आले असं समजून आईनं पदर डोक्यावर घेतला. दारात गिदोनराव होते. ते लिंबाकडं बघत होते.

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. ते थांबले नाहीत, सरळ आत आले. मनीषा बेडरूमच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ते दारातच, तिच्यापासून लांब, फरशीवर मांडी घालून बसले.

"सूनबाई, मी वाघमारे. वरच्या मजल्यावरचा. आपण मला थालीपीठ आणून दिलं होतं."

ती बघत राहिली.

"झोप नाही ना?"

"झोपले की ते घेऊन जातील," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता, घोगरा, खोल गेलेला.

"कोण?"

"माहीत नाही."

"बरं. मी इथं दारात बसलोय. कुणी आलं तर त्याला आधी मला भेटावं लागेल." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आपलं नाव काय?"

तिनं गुडघ्यांवरून मान वर केली. मग त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मनीषा."

ते उठले. बाहेर येऊन मला म्हणाले, "वानखडे, रिक्षा आणा. आत्ता. मनाच्या डॉक्टरांकडं न्यायचं. आणि तोवर तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही."

आई दारात आडवी उभी राहिली. "महाराज येऊन राह्यले. आन् तुमच्या पुस्तकात तर तुमचा देव भूत काढते म्हनते न? मंग तुमीच काढा न. मी नाई म्हनत नाई. कोनाच्याबी देवानं काढलं तरी मले चालते."

मी गिदोनरावांकडं बघितलं. आता ते म्हणणार, रिजेक्ट. तसं ते म्हणाले नाहीत. त्यांनी आईला हात जोडले.

"आई, आमच्या प्रभूनं एका माणसाला बरं करायच्या आधी नाव विचारलं होतं. त्याच्या तोंडून दुसऱ्याच कुणी उत्तर दिलं. मी आत्ता आपल्यासमोर सूनबाईंना नाव विचारलं. ती मनीषा म्हणाली. आत दुसरं कुणी नाहीये, आई. आपलीच पोर आहे, आणि ती घाबरलीय."

आई दारातून बाजूला झाली. मी चपला न घालता रिक्षा आणायला धावलो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून दाखल करून घेतलं. बाळंतपणानंतर क्वचित कुणाला असं होतं, त्या म्हणाल्या, तुम्ही वेळेत आणलंत, ही बरी होईल. मी बाकावर डोकं धरून बसलो. गिदोनराव शेजारी उभे होते. तेवढ्यात चादरींची गाडी ढकलत एक म्हातारा कर्मचारी आला, त्यांना बघून थांबला, आणि अगदी घरच्यासारखं म्हणाला, "काय वाघमारे, पुन्हा?"

"मी नाही," गिदोनराव म्हणाले. "या खेपेला शेजारी."

"मग बरंय," म्हणून तो निघून गेला.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "चहा घेणार?" मी मान डोलावली. आणि ते चहा आणायला गेले तेव्हा मी बाकावर जरा सरकून बसलो. का सरकलो ते मला सांगता येणार नाही. शरीर आपोआप सरकलं. परत आल्यावर त्यांना ते दिसलं असणार, कारण ते बसले नाहीत. उभ्यानंच चहा प्यायले.

मनीषा दवाखान्यात होती तोवर ते रोज यायचे. तिला औषधांनी झोप लागू लागली. मग ती रडू लागली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे चांगलं लक्षण आहे. मग एका दुपारी तिनं स्वतःहून विचारलं, "बाळ दूध पितंय का नीट?" काही दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं.

ती बरी होऊन आली होती. पण घर बरं झालं नव्हतं. आई तिच्याशी गोड बोलायची, जरा जास्तच गोड. मुलगी आईच्याच मांडीवर. मनीषानं हात पुढं केला की आई म्हणायची, "राहू दे, तू आराम कर." ती न्हाणीघरात गेली की आई दाराबाहेर उभी. मीही ऑफिसातून दर तासाला फोन करून विचारायचो, काय चाललंय? मनीषा एक शब्द बोलायची नाही. दिलेल्या जागी बसून राहायची.

अशात एका संध्याकाळी गिदोनराव चहाला आले. आईनं त्यांच्यासाठी पोहे करायला घेतले आणि मनीषा सवयीनं कांदा चिरायला उठली. तिनं विळीसाठी ओट्याखाली हात घातला. विळी नव्हती. खुंटीवरची सुरीही नव्हती. आई घाईघाईनं म्हणाली, "कांदा नाई टाकत आज. एकादशी हाय." त्या दिवशी एकादशी नव्हती. मनीषा तशीच वाकलेली राहिली. मग बाहेर येऊन खाली मान घालून बसली.

गिदोनरावांनी बशी खाली ठेवली.

"आई," ते म्हणाले, "माझ्या सुनेनंही लपवलीय."

"काय?"

"सुरी. अजून लपवते."

आणि मग त्यांनी आम्हाला सांगितलं. कुणा तिसऱ्याची हकीकत सांगावी तसं. कारखान्यात नवी यंत्रं आली तेव्हा त्यांची झोप गेली. मग यंत्रं त्यांना नावानं हाका मारू लागली. घरी येऊन ते पंख्याशी बोलायचे, कारण पंख्यात मॅनेजर बसलाय अशी त्यांची खात्री होती. नातेवाइकांनी गावी नेलं. "चौघांनी हातपाय धरले. पाचवा शास्त्र वाचत होता. त्याचं वाचन चुकत होतं. मी पडल्या पडल्या दुरुस्त केलं. तर म्हणाले, बघा, भुताला शास्त्र पाठ आहे. आणि मग वेताच्या छडीनं मारलं."

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. मला हसावं की काय करावं कळेना. ते स्वतः थोडे हसले.

"आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, तिथून सोडवून मला दवाखान्यात घातलं. मी बरा झालो. आज ती नाही. मुलगा वाकडला असतो, आपल्याच आयटीत. सून चांगली आहे. मी गेलो की प्रेमानं जेवायला वाढते. पण फळ माझ्यासमोर येतं ते कापूनच येतं. अख्खं सफरचंद मी त्या घरात पाहिलेलं नाही. नातू आता शाळेत जातो. मी आणि तो एका खोलीत, दोघंच, असं अजून झालेलं नाही. ती येतेच, काहीतरी निमित्त काढून. तिची चूक नाही. भीती कुणी मुद्दाम धरत नाही."

मग ते मनीषाकडं न बघता, आईलाच म्हणाले, "शास्त्रात एक माणूस आहे. थडग्यांमध्ये राहायचा, साखळ्या तोडायचा, दगडांनी अंग ठेचून घ्यायचा. प्रभूनं त्याला बरं केलं. गाव बघायला आलं. तर तो कपडे घालून शांत बसला होता. लिहिलंय, ते बघून गाव घाबरलं. वेडा होता तेव्हा साखळ्या घेऊन अंगावर जायची हिंमत होती. शहाणा झाला तेव्हा घाबरले. मी इतकी वर्षं भुतं तपासतोय, आई. ते एक मला रद्द करता आलं नाही. ते त्या माणसात नव्हतंच. गावात होतं."

पोहे कढईत लागले, त्याचा वास सुटला. मग आईनं गॅस बंद केला, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं विळी बाहेर काढली, पदरानं पुसली आणि मनीषाच्या पुढ्यात ठेवली. "घे माय," ती म्हणाली. "बारीक चिर." आणि तिच्या शेजारीच बसून राहिली, अगदी डोळ्यांची पापणी न लववता. भीती काही लगेच गेली नाही. पण विळी त्यानंतर ओट्याखालीच राहिली.

हे झाल्यावर काही आठवड्यांनी, एका रविवारी, गिदोनराव उपासनेहून थेट आमच्याकडे आले. आई शिंदेकाकूंकडे पापड लाटायला गेली होती. मी पेपर वाचत होतो. मनीषा मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. तिनं गिदोनरावांकडं बघितलं, आणि सहज, शेजारणीला द्यावी तशी, मुलगी त्यांच्या हातात दिली.

"काका, धरा जरा. मी न्हाऊन येते." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आणि तुम्ही काय बसलात? दूध संपलंय. जाऊन या."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिनं नजर हलवली नाही. मग न्हाणीघराचं दार लागलं आणि पाण्याचा आवाज सुरू झाला.

मी पिशवी घेऊन खाली उतरलो. खोटं कशाला बोलू, जिन्यात माझे पाय दोनदा थबकले. पण मी कोपऱ्यापर्यंत गेलो, दूध घेतलं, आणि चालतच परत आलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. गिदोनराव मी सोडून गेलो होतो तसेच, खुर्चीच्या कडेवर, पाठ ताठ ठेवून बसले होते. मुलगी त्यांच्या दंडावर डोकं टाकून गाढ झोपली होती. तिनं दूध ओकल्यामुळं कोटाची एक बाजू गळ्यापासून खिशापर्यंत ओली झाली होती. ते जागचे हलले नव्हते. कोट पुसलाही नव्हता. डोळे भरून आले होते, आणि हात मोकळा नसल्यामुळे तेही तसेच होते.

"हात अवघडला असेल," मी हळू आवाजात म्हटलं. "द्या इकडे."

"राहू द्या," ते म्हणाले. मग न्हाणीघराच्या दाराकडं मान करून, मुलगी जागी होऊ नये अशा बेतानं म्हणाले, "सूनबाईंना म्हणावं, घाई नाही. सावकाश आवरा."